फोटोच्या पाठीवरची ओळ

अमेरिकेतल्या महामंदीवर कुठेही लेख छापून आला की त्याच्यासोबत एक फोटो हमखास असतो. भल्यामोठ्या होर्डिंगवर एक गोरं कुटुंब मोटारीतून हसत चाललंय. आई, वडील, दोन मुलं, शिवाय कुत्रा. वर ठळक अक्षरांत जाहिरात आहे की जगातलं सगळ्यात उंच राहणीमान आमचंच. आणि त्याच होर्डिंगच्या खाली, फुटपाथवर, कृष्णवर्णीय बायापुरुष रांग लावून उभे आहेत. कुणाच्या हातात पिशवी, कुणाच्या टोपली, कुणाच्या बादली. हा फोटो मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी १९३७ साली केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहरात काढला. चरख्याशेजारी बसलेल्या गांधीजींचा जो फोटो आपण सगळ्यांनी पाहिलाय, तो काढणाऱ्या याच बाई.

ही रांग मंदीत बेकार झालेल्यांची आहे असं समजून बहुतेक जण पान उलटतात. ती पूरग्रस्तांची आहे. जानेवारी १९३७ मध्ये ओहायो नदीला महापूर आला, लुईव्हिलचा मोठा भाग पाण्याखाली गेला, आणि मदतकेंद्राबाहेर लोक अन्नासाठी उभे राहिले. 'लाइफ' साप्ताहिकाने फेब्रुवारीत हा फोटो छापला तो पुराच्या वृत्तांतातच. पुढे तो वृत्तांत मागे पडला, फोटोखालची ओळ गळाली आणि फोटो एकटाच जगभर फिरत राहिला. होर्डिंग आणि रांग यांच्यातली विसंगती खरीच आहे, तिचा अर्थही खोटा नाही. पण त्या रांगेतल्या बाईचं घर आठवड्यापूर्वी पाण्यात गेलं होतं, ही गोष्ट तिच्याकडून काढून घेतली गेली. मला ती परत द्यावीशी वाटते.

मी मुंबईत एका मराठी दैनिकाच्या फोटो-संग्रहात नोकरी केली. संध्याकाळी डार्करूममधून प्रिंट यायचे. ते वाळले की मागच्या बाजूला शिक्का मारायचा, शिसपेन्सिलीने तारीख, ठिकाण, फोटोग्राफरचं नाव आणि एक ओळ लिहायची, मग विषयवार पाकिटात घालायचं. बॉलपेन वापरायची बंदी होती, कारण दाबून लिहिलं की पुढच्या बाजूला, कधी थेट कुणाच्या गालावर, वळ उठायचा. या कामामुळे फोटो आधी उलटा करून बघायचा, ही सवय मला कायमची लागली. नोकरी संपल्यावर अमेरिकेच्या काँग्रेस लायब्ररीतले मंदीच्या काळातले फोटो मी संगणकावर पाहायला लागले, तेव्हाही माझी नजर चित्राआधी खालच्या मजकुरावर गेली. हा लेख त्या मजकुराबद्दल आहे. हलाखीच्या दिवसांत रस्त्यावर दिसणाऱ्या माणसाचा फोटो त्याच्या ओळीवाचून अर्धाच राहतो, असं माझं ठाम मत आहे, आणि ते त्या संग्रहाने अधिक पक्कं केलं.

ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला. मग बँका बुडाल्या, कारखाने बंद पडले आणि १९३३ पर्यंत अमेरिकेत दर चार कामगारांमागे एक बेकार झाला. त्यातच मधल्या राज्यांत दुष्काळ आणि धुळीची वादळं. शेती सोडून कुटुंबंच्या कुटुंबं जुन्या मोटारींत सामान भरून कॅलिफोर्नियाच्या वाटेला लागली. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये डोरोथिया लँग नावाच्या बाईंचा त्या वेळी चांगला चाललेला स्टुडिओ होता. श्रीमंत घरांतली माणसं त्यांच्याकडे फोटो काढून घ्यायला यायची. स्टुडिओच्या खिडकीतून खाली बघितलं की बेकार माणसं रस्त्यावर हिंडताना दिसायची. आत येणारी माणसं आणि बाहेर दिसणारी माणसं यांच्यातलं अंतर त्यांना सोसेना, आणि १९३३ च्या सुमाराला त्या कॅमेरा घेऊन खाली उतरल्या.

जवळच 'व्हाइट एंजल' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका सधन विधवेने बेकारांसाठी अन्नछत्र चालवलं होतं. तिथे काढलेला फोटो आज जगप्रसिद्ध आहे. सगळी गर्दी पाठमोरी, टोप्याच टोप्या. एकच म्हातारा माणूस गर्दीकडे पाठ करून लाकडी कठड्याला रेलून उभा आहे. हॅट इतकी पुढे ओढलेली की डोळे दिसत नाहीत. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतलेली आणि कोपरांच्या मधे पत्र्याचा एक मग. मला त्या मगापेक्षा हात जास्त दिसतात. काम करून जाड झालेले हात, ज्यांना आता धरायला काहीच नाही. लँगना लहानपणी पोलिओ झाला होता, त्या लंगडत चालत. पुढे त्या सांगत की त्या लंगडण्यामुळेच अनोळखी गरीब लोक त्यांना लवकर जवळचं मानत.

१९३५ मध्ये रूझवेल्ट सरकारने शेतकऱ्यांच्या पुनर्वसनासाठी एक खातं उघडलं. दोन वर्षांनी त्याचं नाव 'फार्म सिक्युरिटी अॅडमिनिस्ट्रेशन' झालं. त्यातला फोटो विभाग कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या रॉय स्ट्रायकर यांच्याकडे आला. हेतू सरळ सरकारी होता. करदात्यांचा पैसा ज्यांच्यावर खर्च होतोय ती माणसं कशी जगतात ते शहरातल्या वाचकाला आणि खासदारांना दाखवायचं. याला प्रचार म्हणायचं असेल तर म्हणावं. पण त्या प्रचाराच्या पोटी सुमारे पावणेदोन लाख कृष्णधवल निगेटिव्ह जमा झाल्या, आणि त्यात रस्ता, दुकान, स्वयंपाकघर, चर्च, पत्त्यांचा अड्डा, सगळं आलं.

स्ट्रायकर स्वतः कॅमेरा धरणारे नव्हते. त्यांचं हत्यार म्हणजे टिपणं. कुठल्या गावी जाताना काय पाहायचं, याच्या लांबच लांब याद्या ते फोटोग्राफरना पाठवत. १९३६ मध्ये समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट लिंड यांच्याशी बोलून त्यांनी केलेली यादी मी पुन्हा पुन्हा वाचते. वेगवेगळ्या मिळकतीची माणसं संध्याकाळ कशी घालवतात? घरातल्या भिंतींवर काय टांगलेलं आहे? गावात लोक एकमेकांना भेटतात कुठे? आणि त्यात एक प्रश्न असा की पुरुषांना आहेत तेवढ्या भेटायच्या जागा बायकांना आहेत का? १९३६ साली एका सरकारी कचेरीतल्या माणसाला हे विचारावंसं वाटलं, याचं मला अप्रूप आहे. आमच्या चाळीत पुरुषांना नाका होता, पानाची टपरी होती, व्यायामशाळा होती, मंडळाचा कट्टा होता. बायकांना सार्वजनिक नळ आणि गॅलरी. नळावरच्या रांगेचे फोटो आमच्या संग्रहात ढिगाने होते, पण ते सगळे 'पाणीटंचाई' या पाकिटात. त्या रांगेत बायका हसतायत, एकमेकींच्या कानाशी लागून बोलतायत, हे कुणी वेगळं नोंदवलं नव्हतं.

या विभागातला माझा सगळ्यात लाडका माणूस जॉन व्हॅचन. तो काही फोटोग्राफर म्हणून लागला नाही. मिनेसोटाचा हा मुलगा वॉशिंग्टनला शिकायला आला होता, शिक्षण सुटलं, आणि १९३६ मध्ये त्याला या कचेरीत निरोप्याच्या जागेवर काम मिळालं. काम काय, तर फोटोंच्या पाठीवर ओळी उतरवून काढायच्या. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून घरात एक फेरी मारली. लँगचे, वॉकर इव्हान्सचे, आर्थर रोथस्टीनचे फोटो दिवसभर हाताळता हाताळता आणि त्यांच्यामागचा मजकूर लिहिता लिहिता त्याची नजर तयार झाली. सुटीच्या दिवशी तो कचेरीचा कॅमेरा घेऊन हिंडू लागला. १९३८ च्या नोव्हेंबरात तो नेब्रास्कातल्या ओमाहाला गेला आणि तिथे स्वतःचं असं काहीतरी त्याच्या हाती लागलं. ओमाहा, कॅन्सस सिटी, सेंट लुई अशा मालगाड्यांतून चोरून फिरणारे बेकार, स्वस्त खोल्यांचे लॉज, कोपऱ्यांवर रेंगाळणारे तरुण. ज्याने वर्षं दोन वर्षं दुसऱ्यांच्या फोटोंचं नाव-गाव लिहिलं, त्याच्या फोटोत नाव-गाव कधी सैल सुटत नाही. गाडी कुठून कुठे जाते तेही तो लिहितो.

पण ओळ लिहिण्यात लँगच्या तोडीचं कुणी नाही. त्यांचे पती पॉल टेलर बर्कलीला अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. दोघं मिळून शेतमजुरांच्या तळांवर जात. टेलर बोलत, विचारत, लँग फोटो काढत आणि कानांनी ऐकत. मग मोटारीकडे धावत जाऊन, ऐकलेलं विसरायच्या आत, त्या माणसाच्याच शब्दांत वहीत लिहीत. १९३९ मध्ये तर त्यांनी फोटोंच्या एकेका गटासाठी पानंच्या पानं टिपणं लिहिली. घर कुणाचं, जमीन कुणाची, वाटा किती, मुलं किती, विहीर कुठे.

त्या वर्षीच्या जुलैतला एक फोटो जवळून बघू. नॉर्थ कॅरोलायनातलं गॉर्डन्टन नावाचं खेडं, कच्च्या रस्त्यावरचं किराणा दुकान. दर्शनी भागावर शीतपेयांच्या आणि तंबाखूच्या जाहिराती. पडवीत कृष्णवर्णीय पुरुष बसलेत, कुणी खांबाला टेकून, कुणी पाय खाली सोडून. दारात एक गोरा तरुण उभा आहे, चेहऱ्यावर मोकळं हसू. फोटो इतका निवांत आहे की नुसता पाहिला तर खेड्यातली सुखाची दुपार वाटावी. आता लँगची ओळ वाचायची. त्या सांगतात, दिवस रविवारचा, वेळ दुपारची. म्हणजे ही माणसं रिकामटेकडी नाहीत, त्यांची सुटी आहे. त्या सांगतात, उजवीकडचा पंप रॉकेलचा आणि डावीकडचा पेट्रोलचा. म्हणजे गावात मोटारी आल्यात पण घरांत अजून दिवे तेलाचे असणार. पडवीचं छप्पर तोललंय ते न तासलेल्या ओंडक्यांवर, हे त्या मुद्दाम नोंदवतात. आणि दारातला तो माणूस दुकानमालकाचा भाऊ. या शेवटच्या वाक्याने सगळा फोटो फिरतो. दार कुणाचं, पडवी कुणाला, उधारीची वही कुणाच्या हातात, याचा विचार सुरू होतो. त्या भागात वाट्याने तंबाखू पिकवणारे शेतकरी दुकानदाराच्या उधारीवर वर्ष काढत. हसू तेच राहतं, पण आपण ते वेगळं वाचतो.

ओळीत दयेचा एक शब्द नाही. 'बिचारे', 'दीनवाणे', 'हताश' असलं काही नाही. विशेषण टाळून रॉकेलचा पंप दाखवायचा, ही लँगची रीत.

याच्या अगदी उलट एक पुस्तक त्याच काळात निघालं. बर्क-व्हाइट आणि लेखक अर्स्किन कॉल्डवेल यांनी दक्षिणेतल्या वाटेकऱ्यांवर १९३७ मध्ये एक गाजलेलं सचित्र पुस्तक काढलं. त्यात प्रत्येक फोटोखाली त्या त्या माणसाच्या तोंडचं वाटावं असं एखादं वाक्य. पुस्तकाच्या आरंभीच त्यांनी छापलं की ही वाक्यं आमच्या कल्पनेतली आहेत, त्या माणसांची नाहीत. कबुली दिली हे मान्य. तरी गरिबाच्या तोंडी आपलं वाक्य घालायचं आणि त्याच्या चेहऱ्याची त्यावर साक्ष काढायची, हे मला पटलेलं नाही आणि पटणारही नाही. दोन वर्षांनी लँग आणि टेलर यांनी स्थलांतरितांवर पुस्तक काढलं तेव्हा त्यांनी स्पष्ट लिहिलं की इथली वाक्यं खरोखर त्या त्या माणसांनी उच्चारलेली आहेत.

आणि तरीही लँगचाच सगळ्यात गाजलेला फोटो ओळीच्या बाबतीत सगळ्यात गरीब आहे. मार्च १९३६. महिनाभराच्या फिरतीनंतर, पावसात, त्या मोटारीने घरी निघाल्या होत्या. निपोमो गावाजवळ वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळाची पाटी दिसली. त्या तशाच वीसेक मैल पुढे गेल्या आणि मग गाडी वळवून परत आल्या. तंबूत एक बाई मुलांना घेऊन बसली होती. दहा मिनिटांत मोजके फोटो काढून लँग निघाल्या. शेवटच्या फोटोत बाईने हात गालाशी नेलाय, दोन मुलांनी तिच्या खांद्यांत तोंड लपवलंय, मांडीवर तान्हं मूल. सरकारी नोंद इतकीच की वाटाणा तोडणारे निष्कांचन मजूर, सात मुलांची आई, वय बत्तीस. नाव नाही. आपण तिचं नाव विचारलं नाही, हे लँगनी पुढे स्वतःच लिहिलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या वर्तमानपत्रात त्या तळाची बातमी आणि फोटो छापून आले, सरकारने तिकडे वीस हजार पौंड अन्न पाठवलं. तोवर ती बाई मुलांसह पुढच्या कामाच्या शोधात निघून गेली होती.

तिचं नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन. ते जगाला कळलं १९७८ मध्ये, एका स्थानिक पत्रकाराने तिला शोधून काढल्यावर. ती चेरोकी या मूळनिवासी जमातीची होती. ज्या धुळीच्या वादळांतून पळून आलेल्या गोऱ्या शेतकरणीची प्रतिमा म्हणून तिचा फोटो चाळीस वर्षं छापला गेला, ती ती नव्हतीच. तिचं कुटुंब वादळांच्या आधीच कॅलिफोर्नियात आलं होतं. लँगनी लिहिलं की त्यांनी मोटारीचे टायर विकून अन्न घेतलं होतं. मुलांचं म्हणणं, टायर विकलेच नव्हते, गाडीत बिघाड झाला होता म्हणून तिथे थांबावं लागलं. थॉम्पसनबाईंना या फोटोचा एक पैसा मिळाला नाही आणि त्याबद्दल त्यांच्या मनात कडवटपणा होता. १९८३ मध्ये त्या आजारी पडल्या तेव्हा मुलांनी मदतीचं आवाहन केलं आणि देशभरातून हजारो डॉलर आले. ते पैसे त्या फोटोमुळेच आले, हेही खरं. पण एका ओळीची जागा चाळीस वर्षं रिकामी होती आणि त्या रिकाम्या जागेत ज्याला जे हवं ते प्रत्येकाने भरलं.

फोटो हा पुरावा मानला जातो म्हणून तो वादातही सापडतो. रोथस्टीनने १९३६ मध्ये साउथ डकोटाच्या भेगाळलेल्या जमिनीवर गुराची एक कवटी थोडी इकडेतिकडे हलवून फोटो काढले. निवडणुकीचं वर्ष होतं. विरोधी वर्तमानपत्रांनी सरकार दुष्काळ बनवून दाखवतंय म्हणून रान उठवलं. दुष्काळ तर होताच. पण कवटी कुठे होती आणि कुठे ठेवली हे सांगितलेलं नसलं की खऱ्या दुष्काळावरही माणसं संशय घेतात.

आता गॉर्डन पार्क्स. १९४२ मध्ये हा कृष्णवर्णीय तरुण फोटोग्राफर शिष्यवृत्तीवर या कचेरीत आला. वॉशिंग्टनच्या हॉटेलांनी, दुकानांनी, थिएटरांनी त्याला दारातून परत पाठवलं. तो संतापला. स्ट्रायकरने त्याला सांगितलं की या इमारतीत झाडलोट करणारी एक बाई आहे, तिच्याशी जाऊन बोल. तिचं नाव एला वॉटसन. पार्क्सने तिला राष्ट्रध्वजापुढे उभं केलं, एका हाताला झाडू, दुसऱ्या बाजूला पोछ्याची काठी. हा फोटो आज शाळेच्या पुस्तकांत असतो. त्याहून मोलाचं काम त्याने नंतरच्या आठवड्यांत केलं. तिच्या घरी गेला, तिच्या चर्चमध्ये गेला, ती संध्याकाळी कामावर निघते तिथे गेला. त्या फोटोंच्या नोंदींत तिचं नाव आहे. तिला वर्षाला १०८० डॉलर पगार होता आणि त्यात ती सहा माणसांचं घर चालवत होती. सव्वीस वर्षं सरकारी नोकरी केली आणि हातात अजून झाडूच. ध्वजाचा फोटो बघून राग येतो. नोंद वाचली की त्या रागाला आकडा मिळतो.

हे सगळं वाचताना मला आमच्या संग्रहातलं एक पाकीट आठवायचं. गिरणी संपाचं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, साठेक गिरण्या, अडीच लाखांच्या आसपास कामगार. मोर्चे, सभा, गिरणीचं बंद फाटक यांचे फोटो भरपूर. त्यात एक वेगळा प्रिंट होता. परळ-लालबागकडच्या एखाद्या चाळीतली खोली. नऊवारीतली एक बाई उंबऱ्याशी बसलीय. मागच्या फळीवर स्टीलच्या ताटांची चळत, ताटं पालथी. चुलीऐवजी रॉकेलचा स्टोव्ह, त्यावर काहीच नाही. भिंतीवर खडूने ओढलेल्या रेघा, बहुधा कुणाचे किती डबे झाले त्याचा हिशेब. पाठीवर लिहिलं होतं, 'संपाचा परिणाम'. बस्स.

ही बाई बहुधा खानावळवाली. खानावळ चालवणाऱ्या अशा बायकांवर निम्मं गिरणगाव जेवत होतं. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले कामगार महिन्याच्या बोलीवर त्यांच्याकडे जेवायचे. दुकानदाराकडून उधारीवर धान्य आणायचं, महिनाअखेर पगार झाले की फेडायचं, असा त्यांचा व्यवहार. अशा बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. त्या फोटोतल्या बाईकडे संपाआधी किती गडी जेवायला होते आणि फोटो काढला त्या दिवशी किती उरले होते? हे दोन आकडे कुणी विचारून घेतले असते तर अडीच लाख कामगारांच्या संपाची झळ एका खोलीपर्यंत कशी पोचली, ते त्या एका प्रिंटवरून सांगता आलं असतं. फोटोग्राफर दिवसाला चार ठिकाणी धावत होता, डेस्कला ओळीसाठी जागा नव्हती, हे मला ठाऊक आहे. तरी त्या बाईचं नाव कुणालाच कळणार नाही याची हळहळ वाटते ती वाटतेच.

आपल्याकडे हे काम नीट करणारी माणसं झाली. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुनील जाना हे कोलकात्याचे विद्यार्थी कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस पी. सी. जोशी यांच्यासोबत गावोगाव फिरले. त्यांचे फोटो मुंबईतून निघणाऱ्या पक्षाच्या साप्ताहिकात वृत्तांतासोबत छापले गेले. सेन्सॉरच्या काळात देशाला दुष्काळ दिसला त्यात या फोटोंचा मोठा वाटा होता. आणि आपल्या मुंबईत सुधारक ओलवे यांनी महापालिकेच्या सफाई कामगारांमागे वर्षानुवर्षं कॅमेरा धरला. गटारात उतरलेला माणूस, आणि तोच माणूस घरी मुलांत बसलेला. फक्त गटार दाखवलं असतं तर किळस आणि कीव एवढंच उरलं असतं. घर दाखवल्यामुळे तो कुणाचा तरी बाप आहे हे विसरता येत नाही.

टाळेबंदीत, ८ मे २०२० च्या पहाटे, औरंगाबादजवळ करमाडला रेल्वेरुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारी ही माणसं मध्य प्रदेशातल्या आपल्या गावी निघाली होती. रुळांवर विखुरलेल्या चपात्यांचा फोटो त्या दिवशी प्रत्येकाच्या फोनवर आला. माझ्याकडे तो कितीतरी जणांनी पाठवला. एकाच्याही खाली गावाचं नाव नव्हतं. ते मजूर शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांतले होते, हे बातमीत आलं होतं, पण फोटो बातमीच्या कितीतरी पुढे धावला. लुईव्हिलच्या रांगेचं जे झालं ते आपल्या डोळ्यांदेखत एका दुपारीत झालं.

ओळखीतली तरुण मुलं मोबाइलवर रस्त्याचे फोटो काढतात, मला दाखवतात. त्यांना मी फोटोबद्दल फारसं काही सांगत नाही, त्यांची नजर माझ्याहून तयार आहे. मी विचारते, हा भाजीवाला कुठला? कोथिंबिरीची जुडी त्या दिवशी कितीला होती? सकाळपासून किती धंदा झाला? मुलं आधी गोंधळतात. मग पुढच्या खेपेला विचारून येतात, आणि विचारायला थांबल्यामुळे त्यांचे फोटोही बदलतात, कारण समोरचा माणूस आता त्यांच्याशी बोलत असतो. सगळ्याच फोटोग्राफरना हे जमायचं किंवा पटायचं नाही, हे मला मान्य आहे. याच सरकारी विभागात काम केलेला चित्रकार बेन शान आपल्या लाइका कॅमेऱ्याला काटकोनी दृश्यदर्शक लावायचा, म्हणजे तो एकीकडे बघतोय असं वाटायचं आणि फोटो दुसरीकडचा निघायचा. वॉकर इव्हान्सने न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाखाली कॅमेरा लपवून प्रवाशांचे चेहरे टिपले, आणि ते पुस्तकरूपाने छापले १९६६ मध्ये, पंचवीसेक वर्षांनी. चोरून काढलेल्या फोटोची काही जबाबदारी असते हे त्यालाही जाणवलं असणार.

नाव छापायचं की नाही, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो त्या माणसाने सोडवायचा. इव्हान्स आणि जेम्स एजी यांनी १९३६ मध्ये अलाबामातल्या तीन वाटेकरी कुटुंबांवर काम केलं. १९४१ मध्ये पुस्तक आलं तेव्हा त्यात सगळ्यांची नावं बदललेली होती, पण घरातली एकेक वस्तू, खुंटीला टांगलेला एकेक कपडा लिहिलेला होता. आज कर्ज थकलेला शेतकरी, कागदपत्रं नसलेला मजूर, घरी न सांगता धुणीभांडी करणारी बाई यांचं नाव उघड करणं त्यांना महागात पडू शकतं. तेव्हा नाव आपल्या वहीत ठेवावं आणि फोटोखाली गाव, काम, मजुरी, तारीख लिहावी. वहीतलं नाव पुढे कधीतरी त्यांच्या नातवंडांना लागेल.

ज्यांना या सरकारी विभागाचे मूळ फोटो पाहायचेत त्यांच्यासाठी एवढंच. सरकारी पैशातून काढलेले असल्यामुळे ते सगळ्यांना मोकळे आहेत आणि काँग्रेस लायब्ररीच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. येल विद्यापीठात सुरू झालेल्या 'फोटोग्रामर' या प्रकल्पात ते नकाशावर मांडलेत. जिल्हा निवडला की तिथले फोटो आणि त्यांच्या ओळी समोर येतात. प्रसिद्ध फोटो सापडला की तिथेच थांबू नका, त्याच्या आगेमागे काढलेले फोटोही उघडा. मधेच एखाद्या चित्रात काळं गोल भोक दिसेल, कधी आकाशात, कधी थेट माणसाच्या चेहऱ्यावर. नापसंत निगेटिव्हला पंचने भोक पाडायचा हुकूम स्ट्रायकरचा होता, आणि त्याचे फोटोग्राफर त्यावरून त्याच्याशी भांडत. भोक पाडलेले कित्येक फोटो ओळीवाचूनच राहिलेत. शेजारच्या फोटोवरून गाव बहुतेक वेळा लावता येतं. मी सध्या ओमाहापासून सुरुवात केली आहे.